बोरघळची सव्वानऊची गाडी

२ जुलै १९९९, शुक्रवार

काल सकाळी पावणेसातला आमच्या बोरघळची एस.टी. शेवटची गेली. कंडक्टर खंडेरावांनी घंटी मारायच्या आधी पारावरच्या म्हाताऱ्यांना हात जोडले, तेव्हा कुठं लोकांना पटलं की ही थट्टा नाही. अकरा वर्षं ही गाडी रात्री आमच्या गावात मुक्कामाला असायची आणि पहाटे निघायची. काल संध्याकाळी ती आलीच नाही.

डेपोचं म्हणणं, बोरघळची गाडी रिकामी धावते. ते खोटं नाही. मार्चमध्ये आमच्या यांनी जीप घेतली आणि घोटीला भाडी मारायला लागले. लोक म्हणतील तेव्हा निघते, बांधावर हात केला तरी थांबते. गाडी कोण बघणार? तेव्हा मीच जीपला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले.

आज पाण्यावर कुसाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमनाथच्या जीपनं गाडी खाल्ली."

मी कळशी उचलली आणि आले.  

ही वही अंगणवाडीतली आहे. मी तिथं मदतनीस, वत्सलाबाई सेविका. खाऊच्या नोंदींसाठी त्यांनी दिली होती, पण नोंदी दुसऱ्या रजिस्टरात झाल्या. कोरी वही घरात पडलेली मला बघवत नाही.

५ जुलै, सोमवार

छाया यंदा दहावीला. माझी नणंद, पण मी लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षांची होती, माझ्याच मांडीवर वाढली. शाळा घोटीला, एकोणीस किलोमीटर. मुलींना सरकारचा फुकट पास आहे, पण तो एस.टी.चा. जीपमध्ये चालत नाही.

गावातल्या अकरा मुली घोटीला शिकतात. आज छाया भावाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून गेली. बाकीच्या दहा जणी हायवेच्या फाट्यापर्यंत चालत गेल्या, सात किलोमीटर. फाट्यावर दुसऱ्या एस.ट्या मिळतात. जीप बाजूनं गेली तेव्हा कुणी मान वर केली नाही म्हणे.

संध्याकाळी छाया जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

८ जुलै, गुरुवार

आज सकाळी हे जीप पुसत उभे आणि छाया दप्तराला प्लॅस्टिक गुंडाळून सरळ समोरून चालत निघाली.

"कुठं चालली?"

"शाळेत."

"बस ना मग."

"मी बाकीच्यांबरोबर जाणार दादा. सगळ्यांना बसव, मग मी बसते."

पाऊस असा की समोरचं शिवार दिसत नव्हतं. ती गेली. यांनी फडकं जमिनीवर आपटलं. "माझी बहीण चिखलातून चालू राहिली आन् मी जीपमधी! लोक माझ्या तोंडाकडं बघणार का नाय?" हे मला उद्देशून होतं, जणू मीच तिला शिकवलं.

मी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

१९ जुलै, सोमवार

आवणी चालू आहे. दिवसभर गुडघाभर पाण्यात भाताची रोपं लावून बोटं पांढरी पडलीत, लिहिताना पेन सटकतं.

यांनी तोडगा काढला. मुलींना जीपमध्ये फुकट घ्यायचं, पण आधी तिकिटाची माणसं. म्हणजे मुली मागच्या लोखंडी फळीवर उभ्या, वरच्या दांडीला धरून. सहा मावतात. आज सहा गेल्या, छायासुद्धा. बाकीच्या चालत. पाळी लावलीय म्हणे, एक दिवस फळी, एक दिवस पाय.

मला बरं वाटलं. यांना म्हटलंही, देव तुमचं भलं करो.

२७ जुलै, मंगळवार

साधना पडली. कुसाबाईची नात, सातवीला आहे. भैरोबाच्या वळणावर खड्डा चुकवायला यांनी जीप बाजूला घेतली आणि ओल्या दांडीवरून तिचा हात सुटला. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. डोक्याला लागलं नाही, एवढंच नशीब. मागून काही येत नव्हतं.

हेच तिला उचलून घोटीच्या दवाखान्यात घेऊन गेले. प्लास्टर घालून आणलं. कुसाबाईच्या दारात ठेवलं आणि तिथंच ओट्यावर बसून राहिले. कुसाबाई शिव्या देत होती, हे ऐकत होते. मी आत जाऊन चहा केला तर कुणी घेतला नाही.

२९ जुलै, गुरुवार

यांनी जीपची मागची फळी काढून टाकली. बोल्ट कापावे लागले. मी विचारलं तर म्हणाले, "गंजली होती." चार महिन्यांची फळी. आमच्याकडच्या पावसात लोखंड टिकत नाही हेच खरं.

साधनाची शाळा बंद. आणखी दोघींच्या आईबापांनीही बंद केली. आता आठ.

३ ऑगस्ट, मंगळवार

वत्सलाबाईंना घेऊन डेपोत गेले. घरी सांगितलं, अंगणवाडीचं काम आहे. खोटं बोलले. इथं लिहून ठेवते म्हणजे निदान वहीशी खरं राहील.

अर्ज मीच लिहिला होता. साहेबांनी तो नीट वाचला. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यासमोर एक तक्ता होता. "बाई, तुमच्या गाडीचं भारमान बावीस टक्के आहे. पन्नास सीटच्या गाडीत अकरा माणसं. अशा गाड्या चालवल्या तर मला घरी बसवतील."

"पण मुली आहेत साहेब."

"मुली सगळीकडे आहेत. मला आकडे आणून द्या. फेरीला अठ्ठावीस माणसं देता का? बोला."

 अकरा कुठं, अठ्ठावीस कुठं. वत्सलाबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उज्वला, आपण प्रयत्न केला." त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. मला तो आवडला नाही.

६ ऑगस्ट, शुक्रवार

आज फाट्यावर खंडेराव भेटले, आमच्या गाडीचे जुने कंडक्टर. त्यांची आता हायवेच्या गाडीवर ड्यूटी लागलीय. गाडी पाच मिनिटं थांबली होती. मी डेपोतलं सगळं सांगितलं.

ते हसले. "ताई, गाडी रिकामी होती ती टायमामुळं. पावणेसातला कोण जातं बोरघळहून? जुन्या काळी दूधवाले जायचे, आता दूध टेम्पोत जातं. पोरी साडेसातला घोटीत उतरून अकरापर्यंत स्टँडवर बसून राहायच्या. जीप नऊला निघते, म्हणून जीप भरते. टाइम बदलून मागा. पण नुसतं मागू नका, मोजून मागा. कोण, कधी, कुठं जातं. पंधरा दिवस."

मुली स्टँडवर तीन-तीन तास बसायच्या हे मला माहीत होतं. छाया तिथंच अभ्यास करायची. पण गाडीची वेळ बदलता येते हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं वेळ ही वरून ठरून येते, सूर्यासारखी.

१० ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मोजू लागले. सकाळी सहा ते दहा पारावर. वत्सलाबाईंनी अंगणवाडी अकराला उघडायची परवानगी दिली, म्हणजे "मला काही दिसलं नाही" म्हणाल्या. वहीचं मागचं पान आखून घेतलंय. वेळ, माणसं, जीपनं की पायी, कुठं, कशाला.

पहिल्या दिवशी लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "सोम्याच्या बायकोनं सोम्याचीच मोजणी लावली!" जीपमध्ये बसलेल्यांची नावं मी लिहीत होते आणि हे स्टिअरिंगला धरून सरळ समोर बघत होते.

 तरी लिहिलं. सोळा बसले.

१७ ऑगस्ट, मंगळवार

काल नागपंचमी, मोजणी केली नाही. आज भरपाई म्हणून पाच वाजताच जाऊन बसले. पाचला कोणी नव्हतं. एक कुत्रं. तेही नोंदवावं की काय असं वाटलं.

२६ ऑगस्ट, गुरुवार

मोजणी पुरी झाली. पावणेसातच्या सुमाराला गाव सोडणारे सरासरी सहा. नऊ ते साडेनऊ या अर्ध्या तासात, जीपवाले, पायी जाणारे, मुली धरून, एकेचाळीस! एकेचाळीस माणसं, दररोज, एकाच वाटेनं. मी तीनदा बेरीज केली.

जेवताना आनंदानं सांगायला गेले आणि तिथंच चुकलं.

"एकेचाळीस," हे म्हणाले. "त्यातले सोळा माझे. माझी गिऱ्हाइकं वहीत लिहून तू एस.टी.ला देऊ राहिली. उद्या जीपमधी काय, कोंबड्या भरू?"

"मुलींचं काय करायचं मग? तुम्हीच सांगा."

"मी सरकार हाय का?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून भाकरी मोडत होत्या. त्यांनी आजवर या भानगडीत एक शब्द काढलेला नव्हता. त्या तशाच खाली बघत म्हणाल्या, "पोरीचा हात कुणाच्या गाडीवरनं पडून मोडला, ते बी तिला लिहू दे वहीत."

हे ताटावरून उठले. मी आत्याबाईंवर रागावले. इतकं लागेल असं कशाला बोलायचं? चूक यांचीही नव्हती, पाऊस होता. खरं तर ते वाक्य मी साधना पडली त्या दिवसापासून मनात म्हणत होते.

मी माझ्याच घराच्या पोटावर पाय देते आहे का? देते आहे. हे असं लिहून बघितलं तरी खोटं ठरत नाही. आणि तरी उद्या मी अर्ज पक्का करणार आहे.

१ सप्टेंबर, बुधवार

डेपोत गेले. या वेळी खोटं न बोलता गेले. फाट्यापर्यंत चालत, पुढं एस.टी.नं. साहेब नव्हते. बाबू म्हणाला, निवडणुकीला सगळ्या गाड्या गेल्यात, महिनाभर नवी गाडीबिडी विसरा.

तक्ता त्याच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. पोच द्यायला तो कंटाळा करत होता. मी बसून राहिले. पाऊण तासानं दिली.

२१ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती झाले. उत्तर नाही. म्हणून काल नाशिकला मोठ्या ऑफिसात गेले. एकटीच. वत्सलाबाईंनी येत नाही असं सांगितलं आणि स्वतःच्या नव्या चपला घालायला दिल्या.

नाशिकला एकटीनं जायची ही पहिलीच वेळ. सीबीएस स्टँडला उतरले आणि कुठल्या बाजूला तोंड करावं कळेना. चार जणांना विचारलं, चौघांनी चार दिशा दाखवल्या. पाचव्यांदा एका फुलवालीला विचारलं, तिनं गिऱ्हाईक सोडून कोपऱ्यापर्यंत येऊन दाखवलं. मखमलाबादहून रोज पहाटे फुलं घेऊन गाडीनं येते म्हणाली. "एक दिवस गाडी नाय आली तर माझी फुलं सुकत्यात बाई. भांड तू."

ऑफिसात अडीच तास बसवलं. मग एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी आत घेतलं. तक्ता बघून त्यांनी चष्मा काढला. "हे कुणी केलं?"

"मी."

"शिक्षण?"

"नववी."

"आणि हे 'जीपने सोळा', ही जीप कुणाची? तिचा मालक गोंधळ घालेल उद्या."

"माझ्या मालकांचीच आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग डेपोला फोन लावला.

२९ सप्टेंबर, बुधवार

पत्र आलं! १ ऑक्टोबर ते ३० ऑक्टोबर, प्रायोगिक तत्त्वावर. घोटीहून सकाळी निघून नऊला गावात, सव्वानऊला परत. संध्याकाळी साडेपाचला घोटीहून. फेरीमागे सरासरी अठ्ठावीस प्रवासी झाले तर नेमाची होणार. नाहीतर बंद, आणि पुन्हा अर्जाचा विचार होणार नाही.

छायानं पत्र मोठ्यानं वाचलं. हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "झालं ना मनासारखं." आणि गोठ्यात गेले.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

आली. नऊला पाच कमी असताना. नारळ फोडला. कंडक्टर नवीन, तरुण, सारखा घड्याळ बघत होता.

पण जीप नऊ वाजता निघून गेली, भरून. गाडीत एकोणीस.

६ ऑक्टोबर, बुधवार

एकोणीस, एकवीस, वीस, वीस, एकवीस. रविवारी गाडी नसते. लोकांना सवय जीपची. पारावर येतात, जीप दिसते, बसतात. गाडी दहा मिनिटांनी येणार हे माहीत असून बसतात. मी कुणाला हाताला धरून उतरवू?

रात्रीच्या जेवणाला यांनी विचारलं, "किती भरली आज?"

"एकवीस."

"आन् पाहिजे किती?"

"अठ्ठावीस."

 मला वाटलं, खूश झाले असतील. भाकरी वाढताना मी दुसरी दिली नाही. तिसऱ्या वेळी मागितल्यावर दिली.

७ ऑक्टोबर, गुरुवार

आज जीप चालूच झाली नाही. सकाळी साडेआठपासून हे बॉनेट उघडून बसले होते. लोक थांबले, वैतागले, शेवटी गाडीत चढले. चौतीस!

आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दुपारी बारा वाजता जीप आपोआप चालू झाली.

११ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी पंक्चर. आज पुन्हा पंक्चर, दुसरं चाक. नेमकं सकाळीच. गाडीत छत्तीस आणि तेहतीस.

मी यांना म्हटलं, "जुनी गाडी गळ्यात मारली तुमच्या. विकणाऱ्याला जाब विचारा."

"विचारीन," म्हणाले.

छाया खो-खो हसत सुटली आणि पाणी आणायला पळाली. या वयात कशावर हसतील सांगता येत नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

नवरात्र. इगतपुरीला घाटनदेवीला जाऊन आले. मंगळवारी बॅटरी उतरली होती, बुधवारी पेट्रोलमध्ये पाणी आलं असं हे म्हणाले. जीप आमची डिझेलची आहे असं मला वाटत होतं, पण मला त्यातलं काय कळतं.

देवीसमोर दोन गोष्टी मागितल्या. एक, गाडी भरू दे. दोन, जीपच्या मागची पीडा जाऊ दे. मागून झाल्यावर लक्षात आलं की या दोन्ही एकदम पुरवणं देवीला जड जाईल. पण एक मागे घ्यायची तर कुठली? मुलींची घेता येत नाही. नवऱ्याची तरी कशी घ्यायची? दोन्ही तशाच ठेवून आले.

२० ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा. यांनी जीपची पूजा केली, झेंडूचा हार घातला. आज सकाळी पुन्हा बंद. मला रडू आलं.

साधना आज गाडीत चढली. प्लास्टर निघालंय, हात अजून वाकडा धरते. यांनी दुरून पाहिलं. ती दिसेनाशी होईपर्यंत बॉनेटमध्ये डोकं घातलं नाही.

शाळा सोडलेल्या तिघीही आता परत आल्यात. अकरा झाल्या.

२३ ऑक्टोबर, शनिवार

घोटीच्या बाजारात गेले होते. यांचा नेहमीचा मिस्त्री दिसला, म्हणून मुद्दाम थांबून विचारलं की जीपला नेमकं झालंय तरी काय. तो म्हणाला, "वहिनी, जीप तर महिनाभरात माझ्याकडं आलीच नाय."

म्हणजे दुसऱ्याच कुणाकडे नेतात, आणि तो त्यांना फसवतोय. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बिघडू राहिली तर बिघडू दे बाई. तू नको तिथं हात घालू."

त्यांना सगळ्याचीच चिंता कमी.

३० ऑक्टोबर, शनिवार

संपला महिना. माझ्या वहीप्रमाणे सव्वीस दिवस, सरासरी तीस. तीस! संध्याकाळी कंडक्टर उतरला तेव्हा त्याला म्हटलं, झालं ना? तो म्हणाला, "डेपोत बघतील."

२ नोव्हेंबर, मंगळवार

डेपोतून निरोप आला, सरासरी एकवीस भरली. गाडी बंद होणार.

 तीसचे एकवीस कसे झाले? मी एकेक माणूस डोळ्यांनी मोजलाय.

हे अंगणात होते. "वही घे," म्हणाले. "चल, मी सोडतो." जीप एका चावीत चालू झाली.

 डेपोत हे बाहेर थांबले. मी साहेबांच्या समोर वही ठेवली. त्यांनी त्यांचे कागद काढले. पहिली तारीख, माझ्याकडे एकोणीस, त्यांच्याकडे अकरा. सातवी तारीख, माझ्याकडे चौतीस, त्यांच्याकडे सव्वीस. रोज आठ ते अकराचा फरक.

"तुमच्या मोजणीत लहान मुलं धरलीत का?"

"नाही. मुली धरल्यात, शाळेच्या."

"पासवाल्या?"

"हो."

साहेबांनी कागद उलटसुलट केले. पासवाल्यांना तिकीट फाडत नाहीत. त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो. नव्या कंडक्टरला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. महिनाभर रकाना कोरा.

"पण बाई, तुमच्या वहीवर मी कसा विश्वास ठेवू? उद्या कुणीही वही आणेल."

मी म्हटलं, "साहेब, प्रत्येक दिवसाखाली मुलींची नावं आहेत. शाळेत हजेरी असते. जुळवून बघा. ज्या दिवशी साधना हात दाखवायला गेली, त्या दिवशी तिचं नाव मी लिहिलेलं नाही. तिथं मी एक कमी धरलाय."

त्यांनी शाळेत माणूस पाठवला. चार तास लागले. मी बाकावर, हे जीपमध्ये. एकदा आत येऊन मला वडापाव देऊन गेले. हजेरी जुळली. दोन दिवस चुकले होते. दोन्ही वेळी मी एक मुलगी कमी लिहिली होती, जास्त नाही.

साहेबांनी वहीवर शिक्का मारला. का मारला माहीत नाही, तशी गरज नव्हती. मग म्हणाले, "दिवाळीनंतर नेमाची."

बाहेर येऊन यांना सांगितलं. यांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाजूला बघत राहिले. डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. मला मात्र आता खरी भीती वाटली. गाडी आली, आता आमचं कसं?

१० नोव्हेंबर, बुधवार

काल भाऊबीज. यांनी छायाला ओवाळणी घालताना सांगितलं की ते आता घोटीचं भाडं सोडणार. गावाच्या वर डोंगरात चार वाड्या आहेत, तिथं एस.टी. कधी गेली नाही आणि जाणारही नाही, रस्ताच तसा आहे. तिथली माणसं खाली आणायची आणि सव्वानऊच्या गाडीला जोडून द्यायची. संध्याकाळी परत वर.

"भागेल का?" मी विचारलं.

"भागवू."

त्याआधी दोन दिवस हे वर जाऊन आले होते. नुसता चढ, दगड. आणि नवल म्हणजे जीपनं एकदाही त्रास दिला नाही. घाटनदेवीला नारळ द्यायचा राहिलाय, शुक्रवारी जाईन. दोन्ही मागण्या तिनं पुरवल्या.

आत्याबाई हे ऐकून कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "शिकलेली सून केली मी."

२२ नोव्हेंबर, सोमवार

आज शाळा उघडल्या.

नऊला दहा कमी असताना जीप वरून उतरली. तेरा माणसं. त्यात चंद्रभागा नावाची वरच्या वाडीतली मुलगी, चौथी झाल्यावर दोन वर्षं बकऱ्यांमागं होती. वाडीत चौथीपुढं शाळा नाही. घोटीला पाचवीत नाव घातलंय. पास हातात इतका घट्ट धरला होता की घामानं शाई पसरली. मी सांगितलं, हा दाखवायचा, द्यायचा नाही.

गाडी आली. खंडेराव! त्यांनी ही ड्यूटी मागून घेतली म्हणे. लोक चढले. सवयीनं मी मोजत होते. "बेचाळीस," मी म्हटलं.

"त्रेचाळीस," हे मागून म्हणाले.

"बेचाळीसच आहेत. मी दोनदा मोजले."

"तू धरून त्रेचाळीस. चार महिने लोकांना बसवू राहिली. बस की एकदा."

"मला काय काम घोटीत?"

"काम असल्याशिवाय बसू नाय असं लिहिलंय का गाडीवर?"

वत्सलाबाई पारावरून हातानं जा-जा करत होत्या. खंडेराव घंटीची दोरी धरून थांबले. मी चढले. चंद्रभागानं सरकून जागा दिली.

मुलींना शाळेच्या दारापर्यंत सोडलं आणि मग लक्षात आलं, परतीची गाडी साडेपाचला. अख्खा दिवस माझा. भेळ खाल्ली. स्टँडवरच्या सावलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या. नाशिक, त्र्यंबक, भंडारदरा, मनमाड. मग उठले आणि चौकशीच्या खिडकीवर गेले.

माझं माहेर विंचूरचं. तीन वर्षं झाली गेले नाही. कुणी नेलं तर जायचं, असंच धरून चालले होते. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, नाशिकला उतरायचं, तिथून येवल्याची गाडी, ती विंचूरला थांबते. सकाळी घोटी सोडली तर दुपारी पोचाल. मी त्याच्याचकडून पेन घेऊन हातावर लिहून घेतलं, घरी येऊन इथं उतरवलंय.

संध्याकाळी उतरल्यावर यांना सांगितलं, येत्या सोमवारी मी आईकडे जाणार. विचारलं नाही, सांगितलं.

ते जीपमधून वरच्या वाडीची पिशवी काढत होते.  "फाट्यावर सोडू का?"

"नको," मी म्हटलं. "सव्वानऊची आहे ना."